बंद घराचं पाणी

नॉर्बी, २४ ऑक्टोबर १९७१

प्रिय आर्लिस,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच पहाटे गवतावरचं दव गोठलं आणि तुझे भोपळ्याचे वेल काळे पडले. त्यानंतर मात्र असं मऊ ऊन पडलंय की माणसं नुसत्या बंडीवर मका काढताहेत. आठ दिवस थांबली असतीस तर तुलाही मिळालं असतं. पण ब्रूसला घाई. ॲरिझोना काय पळून जात होतं का, असं मी त्याला विचारणार होतो. तुमचा मायलेकरांचा मामला म्हणून गप्प बसलो.

माझा मका अर्ध्यावर आलाय. दाणा अजून ओलसर आहे. माव्हिसच्या कॅफेत सकाळी कॉफीला बसतो तेव्हा सगळे मिळून माझी थट्टा करतात, की डेल्मर, आता बुधवारी कुणाच्या घरी जेवणार? मी सांगितलं, बुधवारी उपास धरलाय. आपल्या लूथरन चर्चमध्ये एवढा धार्मिक माणूस अजून झाला नाही म्हणून माव्हिसने मला वरून एक केकचा तुकडा दिला. कोरडा होता. तुझ्या हातचा नव्हता एवढंच म्हणतो.

एक विचारायचं राहिलं. फाटकाशी तू म्हणालीस, "पाण्याचं तुला योग्य वाटेल तसं कर." मी म्हणालो, "तू म्हणशील तसं." तेवढ्यात गाडी सुटली, म्हणजे ठरलं काहीच नाही. घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी मंद चालू ठेवली तर हिवाळाभर तुझे नळ शाबूत राहतील. नाहीतर कडाका पडायच्या आत पंप बंद करून पाइपांतलं पाणी थेंब न् थेंब काढून टाकायला हवं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतील. तुला माहीतच आहे, वसंतात परतायचं असलं की लोक भट्टी चालू ठेवतात आणि परतायचं नसलं की पाणी काढतात. मी काही सुचवत नाही. घर तुझं आहे.

तुझा,
डेल्मर


टूसॉन, २ नोव्हेंबर

प्रिय डेल्मर,

पत्र पोचलं. ओलसर मक्याची बातमी मी ब्रूसला आणि शॅरनला जेवताना वाचून दाखवली. दोघांनी "अरे वा" म्हटलं. ओलसर मक्याला अरे वा म्हणणारी माणसं आहेत ही, आता तूच समज.

इथे ऊन आहे. काल ऊन होतं आणि उद्याही असेल. पहिले चार दिवस मला स्वर्गात आल्यासारखं वाटलं, पाचव्या दिवशी मला कळेना की शेजारणीशी बोलायचं कशावर. आपल्याकडे दार उघडलं की विषय समोर उभा असतो. इथे मी कुंपणाशी जाऊन म्हणाले, "आज छान पडलंय." ती बाई माझ्याकडे बघतच राहिली, काय पडलंय म्हणून. ब्रूसच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे. सकाळी उठून झाडावरचं संत्रं तोडायचं आणि खायचं, एवढं सुख असूनही माझा पाय अंगणात ठरत नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. तुला सांगितलं. माव्हिसला बोलू नकोस.

सून म्हणून शॅरन माझ्याशी फार चांगली वागते. ब्रूस मात्र दर रविवारी एकच विचारतो, आई, आता इथेच राहा ना, एकटीने त्या थंडीत काय करायचं? तिकडे कुणी वाट बघत असेल तर गोष्ट वेगळी. मी सांगितलं, तसं कुणी बोललेलं नाही.

पाण्याचं म्हणशील तर भट्टी ठेवायची म्हणजे तेल जळणार, आणि तुला बर्फातून दर दिवसाआड येऊन बघावं लागणार. क्लॅरेन्स असताना तू आमच्यासाठी कमी केलं नाहीस आणि तो गेल्यावर दोन वर्षं तर तूच सगळं बघितलंस. आणखी भार नको. तुला योग्य वाटेल तसं कर.

तुझी,
आर्लिस


नॉर्बी, १४ नोव्हेंबर

प्रिय आर्लिस,

ऊन संपलं. मंगळवारी वारा वायव्येला फिरला, दुपारपर्यंत पाऊस, मग पावसाचंच काचेसारखं कवच झालं आणि सगळ्या तारा खाली आल्या. एक दिवस वीज नव्हती. माव्हिसने गॅसवर कॉफी केली आणि तेवढ्या एका दिवसात सगळ्या काउंटीची तिच्याकडे हजेरी लागली. लहान तळी गोठलीत, मोठ्या तळ्याच्या कडांना बर्फ धरलाय. या वर्षी हिवाळा लवकर आणि लांब, असं सगळे म्हणताहेत. अर्थात दर वर्षी म्हणतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू इतक्या समजुतीने लिहिलंस, की भार नको, तेल नको. त्यावरून मी धरलं की तिकडे तुझा जीव रमतोय आणि मला वाईट वाटू नये म्हणून तू आडून सांगते आहेस. संत्र्याचं झाड, नातलग, ऊन. त्या मानाने इथे काय आहे? तेव्हा गुरुवारी मी तुझ्या घराचं पाणी काढलं. पंप बंद केला, सगळे नळ उघडे ठेवले, पाइप फुंकून घेतले, मोऱ्यांत न गोठणारं ते गुलाबी पाणी ओतलं. काम चोख झालंय. खिडक्या लावल्या. तुझा स्वयंपाकघरातला लाकडाचा चुलाणा होता तसाच ठेवलाय.

नळांतून पाण्याचा शेवटचा आवाज गेला तेव्हा घर एकदम मोठं झालं. मी जरा वेळ तिथेच उभा होतो.

तू काळजी करू नकोस. तिकडे सुखाने राहा.

तुझा,
डेल्मर


टूसॉन, २७ नोव्हेंबर

प्रिय डेल्मर,

पाणी काढलंस ते बरं केलंस. फार शहाणपणाचं झालं. आभार.

इथे सगळं ठीक आहे. ऊन आहे.

तुझी,
आर्लिस


नॉर्बी, ९ जानेवारी १९७२

प्रिय आर्लिस,

नाताळला तुझं कार्ड आलं, त्यावर काटेरी निवडुंगाला दिवे लावलेले होते. आत नुसती सही होती. तुझ्या हाताला काही झालं नाही ना?

इथे थंडी म्हणशील तर शून्याच्या खाली तीस, आठवडाभर. गाडीचं इंजिन रात्रभर गरम राहावं म्हणून त्याला तारेने वीज लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी ती नुसती कण्हते. बर्फ पायाखाली वाजतो. नाकातले केस गोठतात तेव्हा बाहेर पडलेल्या माणसाला आपण जिवंत आहोत याची खात्री पटते. परवा सकाळी सूर्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा सूर्य उभा होता, कडाक्याच्या थंडीत दिसतो तसा, तिन्ही लखलखीत. शाळेत असताना तू त्यांच्यापैकी एक माझा आणि एक तुझा असं वाटून घेतलं होतंस, आणि खरा बाईंना दिला होतास. आठवतं का? मी गोठ्याच्या दारात थांबून बघितलं. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून गाईंना दाखवलं.

चर्चचं माशाचं जेवण झालं. तोच तो राखेच्या पाण्यात मुरवलेला, थरथरणारा मासा. वाढायला तू नव्हतीस म्हणून तुझ्या जागी पाद्रींच्या पत्नी होत्या आणि त्यांनी माझ्या ताटात दया न दाखवता दोन तुकडे टाकले. तू नेहमी मला छोटा वाढायचीस आणि वर लोणी जास्त घालायचीस, हे मला या वर्षी कळलं.

तुझ्या घराकडे आठवड्यातून दोनदा जातो. काम काही नसतं. नुसता जाऊन येतो.

तुझा,
डेल्मर


टूसॉन, ३० जानेवारी

प्रिय डेल्मर,

माझ्या हाताला काही झालेलं नाही.

एक बातमी आहे. ब्रूसला तिकडच्या एका तरुण जोडप्याचं पत्र आलं. मुलगा धान्याच्या कोठारावर कामाला लागलाय, बायको गरोदर आहे, आणि त्यांना आमचं घर आणि भोवतालची झाडं विकत हवी आहेत. शेत नको, ते कसणाऱ्याकडेच राहील. ब्रूस म्हणाला, "आई, पाणीसुद्धा काढून ठेवलंय, घर आता धरून ठेवण्यात काय राम आहे?" ज्या घरात मी चाळीस वर्षं काढली, क्लॅरेन्सला शेवटचं पाणी पाजलं, त्या घराबद्दल माझ्या तोंडून एक वाक्य निघेना.

विकलं, की मला परत यायला जागा राहणार नाही. हे मी तुला सरळ लिहिते आहे. कागद मार्चमध्ये तयार होतील, त्या आधी मी नाही म्हणू शकते.

शॅरनने मला इथल्या बायकांच्या शिवणवर्गात घातलंय. चांगल्या आहेत. पण गोधडीत कापूस किती भरायचा यावरून आमचं पटत नाही. त्यांची गोधडी अंगावर घेतली काय न् नाही घेतली काय.

तुला काय वाटतं ते कळव.

आर्लिस


नॉर्बी, ८ फेब्रुवारी

प्रिय आर्लिस,

दोन दिवस थंडीला उतार पडलाय. छपरांवरून पाणी गळतं, कोंबड्या बाहेर आल्या, माणसं एकमेकांना नाव घेऊन हाका मारताहेत. कुणी फसत नाही, पुन्हा गोठणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझ्या बातमीवर मी बराच विचार केला. त्या मुलाला मी ओळखतो, हात कामाचा आहे, बायको हसरी आहे. घरात लहान मूल रांगेल. रिकाम्या घराला उंदीर लागतात, भिंती ओल धरतात. तेव्हा विकणं शहाणपणाचं आहे. माझी सोय किंवा गैरसोय यात धरू नकोस. घर तुझं, तू म्हणशील तसं.

तुझा,
डेल्मर


टूसॉन, १९ फेब्रुवारी

डेल्मर,

तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं. आपण दोघं दारात उभे राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करतोय, आणि घर थंड होतंय.

मला राग आलाय, तेव्हा मी आज लिहिणार आहे. आपल्या काउंटीत कुणाच्या घरी गेलं आणि कॉफी घेणार का असं विचारलं, तर काय म्हणतात? नको, आत्ताच झाली. पुन्हा विचारलं की, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, अर्धा कप. आणि मग तीन कप पितात. पहिल्या हाकेला हो म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडे हावरट म्हणतात. तुझ्या आईने तुला हेच शिकवलं, माझ्या आईने मला हेच शिकवलं.

सप्टेंबरात माझ्या ओसरीवर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून, तू म्हणालास, "नाही गेलीस तरी माझी काही हरकत नाही, आर्लिस." मी म्हणाले, बघू. तुझ्यासारख्या माणसाला एवढं बोलायला किती जड गेलं असेल ते मला कळलं होतं. मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत होते. सगळा सप्टेंबर बघितली. फाटकाशी, गाडीत बसल्यावरसुद्धा बघितली. कॉफीला तीनदा विचारणारा माणूस तू, आणि माझ्या बाबतीत एकदाच विचारून मोकळा झालास.

पाणी काढल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी संत्र्याच्या झाडाखाली जाऊन रडले. शॅरनला सांगितलं, डोळ्यांत धूळ गेली. इथे धूळ भरपूर आहे, तिला खरं वाटलं.

आता मी काही विचारत नाही. ब्रूसला मी हो म्हणून सांगितलं आहे.

आर्लिस


नॉर्बीजवळ, तुझं स्वयंपाकघर, १३ मार्च

प्रिय आर्लिस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि चारही वेळा हवामानाच्या पुढे गेलो नाही.

आज सकाळी आकाश साफ होतं. उद्या ते जोडपं घर बघायला येणार म्हणून ओसरीवरचा बर्फ ओढावा आणि चुलाण्यात लाकडं टाकून घर जरा कोरडं करावं म्हणून मी आलो. शाळांची बास्केटबॉलची स्पर्धा आली की वादळ येतं हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल, पण मी निळ्या आकाशाला भुललो. दहा वाजता उत्तरेकडे एक पांढरी भिंत उठली. गाडी वळवेपर्यंत मला गाडीचं नाक दिसेना. आता बाहेर विहीरसुद्धा दिसत नाही. माझं घर दीड मैलावर आहे आणि या वाऱ्यात ते शोधायला निघणारा माणूस एप्रिलमध्ये सापडतो. म्हणून इथेच आहे. गुरांकडे शेजारचा लायल बघेल, त्याची खात्री आहे.

चुलाणा पेटलाय. पाणी नाही, कारण ते मीच काढलं. तेव्हा दारातला बर्फ पातेल्यात घालून वितळवतो. पातेलंभर बर्फाचं कपभर पाणी होतं. तुझ्या कपाटात कॉफी सापडली, जुनी आहे. मी केली, आणि दोन कप काढले. दुसरा का काढला ते मला विचारू नकोस.

आर्लिस, परत येशील का? हे पहिल्यांदा.

१४ मार्च

वारा तसाच आहे. घर कण्हतंय, पण तुझ्या क्लॅरेन्सने चांगलं बांधलंय. त्याच्याशी मी काल थोडं बोललो. म्हटलं, राग मानू नकोस. तो कधीच राग मानायचा नाही.

मला तुला एक सांगायचं आहे. मी पाणी काढलं ते तुझ्या भल्यासाठी, असं मी तुला आणि स्वतःलाही सांगत आलो. खरं असं, की भट्टी चालू ठेवली असती तर वसंतापर्यंत रोज वाट बघावी लागली असती, आणि तू आली नसतीस तर माझं काय झालं असतं ते मला बघायचं नव्हतं. म्हणून मी आधीच बंद करून टाकलं. भित्रेपणा केला आणि त्याला सभ्यपणा म्हटलं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला हे तुझ्या थंड स्वयंपाकघरात, गोधड्या पांघरून बसल्यावर कळलं. तुझ्या गोधड्या उबदार आहेत. तिकडच्या बायकांना सांग.

परत ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही. बुधवारी नाही आणि इतर दिवशीही नाही. हे दुसऱ्यांदा.

१५ मार्च

पहाटे वारा पडला. तुझ्या खिडकीपर्यंत बर्फाचा उतार चढलाय, त्यावर ऊन पडलंय आणि बघवत नाही इतकं पांढरं आहे. लांबून रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीचा आवाज येतोय. दुपारपर्यंत मोकळा होईन. सुटका होते आहे म्हणून वाईट वाटावं असं माझ्या आयुष्यात प्रथमच होतंय.

घर तू विकलंस किंवा नाही विकलंस, मी काही म्हणत नाही. म्हणजे, म्हणतो. दोन घरांचं पाणी राखण्यापेक्षा आपण एकाच घराचं राखू या. माझ्या घराचं. तिथली भट्टी चांगली आहे, ओसरी पूर्वेला आहे, आणि स्वयंपाकघर बाईच्या नजरेला पटणारं नाही हे मला मान्य आहे. माझ्याशी लग्न कर, आर्लिस. हे तिसऱ्यांदा.

बर्फ काढणारा आला. त्याच्याच हाती पोस्टात देतो.

डेल्मर


टूसॉन, २२ मार्च

प्रिय डेल्मर,

तुझं पत्र आज दुपारी आलं. घराच्या कागदावर मी सोमवारी सही केली आणि ब्रूसने त्याच दिवशी पोस्टात टाकला. तेव्हा घर गेलं. मी थोडी रडले, या वेळी धूळ म्हटलं नाही. त्या मुलीला बाळ होणार आहे, ती चुलाण्यापाशी बसून त्याला पाजेल, हे मनात आणलं की बरं वाटतं. मला मात्र नॉर्बीत उतरायला आता एकच घर उरलंय.

हे मी ब्रूसला सांगितलं. तुझं पत्र त्याला वाचायला दिलं नाही, एवढंच म्हणाले, की कुणी वाट बघत असेल तर गोष्ट वेगळी, असं तू म्हणायचास ना? आता बोललाय कुणीतरी. तो बराच वेळ संत्रं सोलत बसला. मग म्हणाला, "डेल्मरकाका? एवढा वेळ का लावला त्यांनी?" मी म्हटलं, हवा वाईट होती.

खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा विचारलेलं मी नंतर वाचलं. पहिलं पान संपल्यावर मी उठून पलंगाखालची बॅग बाहेर ओढली होती. शॅरनने विचारलं काय झालं, मी म्हटलं, मला घरी जायचं आहे. तिने लगेच माझे कपडे घडी करायला घेतले. चांगली मुलगी आहे, तिला मी पत्रं लिहीन.

पाद्रींना सांग, पेरणी उरकली की जूनमधला एक शनिवार मोकळा ठेवा. तोवर मी माव्हिसच्या वरच्या खोलीत राहीन, म्हणजे सकाळच्या कॉफीवाल्यांना बोलायला वेगळं काही लागणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात टेबलावर ट्रॅक्टरचे जे सुटे भाग असतात ते मी यायच्या आत हलव. बुधवारी जेवायला माझ्याकडे, आणि इतर दिवशीही.

पुढच्या गुरुवारी दुपारच्या बसने मी येते आहे. तुला सोयीचं आहे का असं मी विचारत नाही. अजून बर्फ असेल, वारा असेल. आणि माझा जाड कोट मी इथे आल्याबरोबर चर्चला देऊन टाकला, कारण मला वाटलं होतं की तो पुन्हा लागणार नाही. तेव्हा येताना तुझा एक कोट घेऊन ये. घालतेस का म्हणून विचारत उभा राहू नकोस. माझ्या खांद्यावर टाक.

तुझी,
आर्लिस